आमची वाटचाल : मिस्तरी, घरमालक आणि मधले आम्ही

आमचं ऑफिस जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला, वर पत्रे आणि आत दोन टेबलं. बोर्डावर 'बांधकाम मोजमाप व बिलं' असं लिहिलंय पण गावात कोणी तसं म्हणत नाही, 'त्या मिस्तरीच्या भांडणवाल्यांकडे जा' असंच सांगतात, आणि ते खरंच आहे. घर बांधताना किंवा दुरुस्ती करताना घरमालक आणि मिस्तरी, प्लंबर, पेंटर, फरशीवाला, ग्रीलवाला यांच्यात पैशावरून जे अडतं ते सोडवून द्यायचं, हा आमचा धंदा. असा पण धंदा असतो का हो, असं खूप जण विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

2012 ला सुरुवात केली तेव्हा भांडणाचा विचारच नव्हता. मी सिव्हिल डिप्लोमावाला, एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. माझा शालक प्लंबर, हात एकदम साफ पण बिल करायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. त्याच्यासारखे कारागीर काही कमी नाहीत. म्हटलं आपण टेप घेऊन जाऊ, मापं घेऊ, व्यवस्थित बिल छापून देऊ आणि त्याचे थोडे पैसे घेऊ. बायको बी.कॉम., वह्या आणि हिशेब तिने सांभाळायचे ठरलं. पण काम गोडीत चाललं असेल तर मापाला आम्हाला कोण बोलावतंय? फोन यायचा तो आवाज चढल्यावरच. गेटवर उभं राहून दोघं ओरडतायत, शेजारचे गच्चीवरून बघतायत आणि आम्ही टेपचं एक टोक कोणाच्या हातात द्यायचं या विचारात. मग आपोआपच धंदा तिकडे वळला.

सुरुवातीला जो बोलवेल तो आमची फी द्यायचा. मग समोरचा म्हणायचा तुम्ही तर त्यांचीच माणसं. त्याचं बरोबरच आहे, ज्याचे पैसे त्याचं माप असंच कोणालाही वाटणार. म्हणून नियम केला की फी निम्मी निम्मी आणि टेप उघडायच्या आधी दोघांची जमा. यात एक फायदा असा झाला की ज्याला खरं माप नकोच आहे तो निम्म्या फीवरच घासाघीस करत बसतो, त्यावरून पुढचा अंदाज येतो.

सगळ्यात जास्त भांडण प्लास्टरच्या मापावर, आजही. समजा 10 बाय 10 ची भिंत, दोन्ही बाजूंनी प्लास्टर, मधे 3 बाय 7 चा दरवाजा. मिस्तरी म्हणतो 200 फूट झालं. मालक म्हणतो दरवाजावर काय प्लास्टर केलं का, दोन्हीकडून वजा करा, 200 मधून 42 गेले, 158. दोघंही छातीवर हात ठेवून सांगतात. आता याचं उत्तर आयएस 1200 या भारतीय मानकात कधीचं लिहून ठेवलेलं आहे. अर्धा चौरस मीटरपर्यंतची मोकळी जागा असेल तर काहीच वजा करायचं नाही, अर्ध्यापासून 3 चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूचं वजा, कारण चौकटीच्या बाजूच्या कडा मिस्तरीला भरायच्याच असतात, आणि 3 च्या वर गेलं तर दोन्ही बाजू वजा करून कडा वेगळ्या मोजायच्या. हा दरवाजा 21 फूट म्हणजे 2 चौरस मीटरच्याही आतला, मग एक बाजू वजा आणि हिशेब 179 फूट. हे पान आम्ही लॅमिनेट करून बॅगेत ठेवलंय. छापील कागद बघितला की आवाज निम्म्यावर येतो, कारण आमच्यापैकी कोणी ठरवलेलं ते नसतं ना.

पण मापाला निदान नियम आहे, 'हे धरलं होतं का' याला नाही. आमच्याकडे लेबर रेट स्लॅबच्या स्क्वेअर फुटावर ठरतो, मग जिन्याची टोपी (जिन्यावरचं छप्पर) त्यात आहे का, गच्चीची पडदी (कठड्याची भिंत) आहे का, माळे, कोनाडे, किचनचा ओटा, हौद. हौदाचं तर काही जण लिटरवर लावतात. ठरवताना चहा पितात आणि 'होऊन जाईल ना भाऊ' म्हणून उठतात, दोघंही मनातल्या मनात वेगळं धरून उठतात. नंतर काम चालू असताना मालकीणबाई म्हणतात मिस्तरीदादा इथे तुळशीसाठी छोटा कट्टा करून द्या ना, मिस्तरी हो म्हणतो, त्याच्या वहीत त्या दिवशी एक गवंडी आणि दोन बिगारींची हाजरी पडते, आणि वहिनींच्या मनात तो कट्टा दादांनी प्रेमाने करून दिलेला असतो. शेवटच्या बिलात कट्टा दिसला की वहिनी भडकतात, त्यांना पैशापेक्षा वाईट जास्त वाटतं. असे कट्टे, एक जास्तीचा पॉइंट, एक बाथरूमचा नळ हलवणं, हे सगळं जोडत गेलं की रक्कम छोटी राहत नाही.

यावर आम्ही आता एकच सांगतो. साइटचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा, त्यात मालक, मिस्तरी आणि आमचा एक नंबर. एक्स्ट्रा काम निघालं की त्याच दिवशी फोटो, खाली 'कट्टा, एक्स्ट्रा, इतके रुपये' आणि त्यावर मालकाचा 👍 अंगठा. लिहिता येत नसेल तर व्हॉइस मेसेज टाका, अहिराणीत टाका, आम्हाला समजते. लोकांना वाटतं स्टॅम्पपेपर नसला तर काहीच चालत नाही. तोंडी ठरलेला व्यवहारसुद्धा करारच असतो, फक्त सिद्ध करताना जीव जातो. आणि 1872 च्या करार कायद्यात कलम 70 आहे, फुकट करायच्या इराद्याने न केलेलं काम असेल आणि समोरच्याने त्याचा फायदा घेतला असेल तर मोबदला द्यावा लागतो. कट्ट्यावर तुळस लावलीये ना, मग झालं.

नोव्हेंबर 2016 मात्र कधी विसरणार नाही. 8 तारखेला रात्री 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून जे मालक महिनोन्‌महिने फोन उचलत नव्हते ते स्वतःहून मिस्तरींना फोन करायला लागले, या भाऊ तुमचा हिशेब पूर्ण करून टाकू. वर काही जण म्हणायचे जरा जास्तीचे घ्या, पुढच्या कामाचा अ‍ॅडव्हान्स. बऱ्याच मिस्तरींचं बँक खातं नावापुरतं, आणि बिगारींना शनिवारच्या बाजारासाठी चालणारी नोट पाहिजे. आम्ही सगळ्यांना सांगितलं जुनी नोट घ्यायची नाही, चेक घ्या. त्यातले काही चेक परत आले तो भाग वेगळा, पण चेक परत आला तर निदान हातात कागद राहतो, चेक वटला नाही असा बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसात नोटीस, मग समोरच्याला 15 दिवस, असा रस्ता आहे. पुढे युपीआय आलं आणि आमचं निम्मं काम सोपं झालं. उचल किती दिली यावर आधी केवढी भांडणं व्हायची, आता फोन उघडला की तारखेसकट दिसतं. फक्त पैसे पाठवताना खाली 'प्लास्टर दुसरा हप्ता' असं लिहा हो, नुसते पाच हजार पाठवले तर ते उचल होती का उसने होते यावर परत आमच्याकडेच येता.

खान्देशात आणखी एक विषय आहे तो म्हणजे नव्या स्लॅबला, प्लास्टरला पाणी मारणं. एप्रिल मे मध्ये जळगाव भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो, गावोगावी नळ काही रोज येत नाही, आणि नेमकं त्याच दिवसांत सगळ्यांना घर पूर्ण करायचं असतं. स्लॅबला पाणी साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि आपल्याकडे जास्त चालणारं पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट किंवा असं कोरडं ऊन असेल तर किमान 10 दिवस लागतं, काँक्रीटच्या मानकातच दिलंय. प्रत्यक्षात प्लास्टर केल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी भिंत सुकून खडखडीत, तिसऱ्या दिवशी जाळीसारख्या बारीक भेगा, आणि मालक म्हणतो माल कमी टाकला, सिमेंट खाल्लं, पैसे देणार नाही. मिस्तरी म्हणतो पाणी मारायचं तुमच्याकडे होतं. आम्ही जातो तेव्हा आधी भेग बघतो. बारीक, वरवरची, सगळीकडे पसरलेली असेल तर बहुतेक वेळा पाणी आणि ऊन. कॉलम आणि विटकामाच्या जोडावर सरळ रेषेत असेल तर तिथे जाळी मारली होती का ते विचारतो, आणि जाळी कोणाच्या खर्चात होती ते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघाली असेल तर प्लास्टरवाल्याला सोडा, खाली काळी माती आहे, पावसात फुगते उन्हात आकसते, पाया बघावा लागेल. तिथे आम्ही स्पष्ट सांगतो की हे आमचं काम नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, आणि प्लास्टरवाल्याचे पैसे त्यासाठी अडवू नका.

अडवण्यावरून आठवलं. हिशेब पटला नाही की मालक मिस्तरीचं सामान ठेवून घेतो, फरशीवाल्याचं कटर, पेंटरची शिडी, सेंट्रिंगच्या प्लेटा (स्लॅब ओतताना खाली लावतात त्या). उलट मिस्तरी पण कमी नाहीत, पैसे मिळेपर्यंत बसवलेले नळ काढून नेलेले मी बघितलेत, एकाने तर दरवाजाची बिजागरी खोलून नेली होती. आमच्याकडे आलात तर बोलणी सुरू व्हायच्या आधी सामान सामानाच्या जागी. कटर नाही तर त्या माणसाची उद्याची रोजी बंद, आणि उपाशी माणसाशी काय तडजोड करणार.

आणि शेवटचा हप्ता. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर वास्तुशांती असते, तोपर्यंत मालक मिस्तरीच्या मागे धावतो, मग मिस्तरी मालकाच्या. जेवणावळ होते, मांडे खीर होते, मिस्तरीला टॉवेल टोपी देतात (एका हिशेबात टॉवेल टोपी वजा धरलेली मी स्वतःच्या डोळ्याने वाचलीये) आणि तिथून पुढे फोन बंद. अमळनेरकडचे एक जुने मिस्तरी म्हणाले होते, "काम बी आम्ही करानं आनि पैसासाठे चकरा बी आम्हीच मारान्या का?" मालकाचीही बाजू आहे, शेतकरी असेल तर कापूस घरात पडलेला असतो, केळीचा व्यापारी पैसे थकवतो, आणि सगळे पैसे आधीच दिले तर पॉलिश करायला परत कोण येतं? म्हणून आम्ही शेवटच्या हप्त्याचे दोन तुकडे करायला लावतो. मोठा तुकडा वास्तुशांतीच्या आधी, छोटा एक पावसाळा गेल्यावर, तारीख लिहून. एका पावसात गच्ची आणि बाथरूम दोन्हीची परीक्षा होऊन जाते. हे लिहून घेतलेल्या कामात आमच्याकडे तक्रार घेऊन परत येणारे फार थोडे.

नाहीच जमलं तर पुढचा रस्ता पण सांगतो, पण वकिली करत नाही. इथे लोकांचा घोळ असतो. ग्राहक आयोगात घरमालक जाऊ शकतो, कामात खोट असेल तर, दोन वर्षांच्या आत, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी पण नाही. मिस्तरीला तिथे मजुरी मागता येत नाही, तो ग्राहक नाही ना. त्याला दिवाणी कोर्ट, काम झाल्यापासून तीन वर्षांत. पोलीस स्टेशनला दोघंही जाऊन येतात आणि दिवाणी बाब आहे ऐकून परत येतात. आम्ही बहुतेकांना जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवतो, केस दाखल करायच्या आधीच लोक अदालतीत प्रकरण ठेवता येतं, कोर्ट फी नाही आणि तिथे झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकुमासारखी किंमत, वर अपील नाही. आमची मापाची शीट तिथे कामाला येते, दोघांच्या सह्या असतात त्यावर. बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटची भांडणं आम्ही घेत नाही, त्याला महारेरा हे सरकारी प्राधिकरण आहे.

2020 चं लॉकडाऊन सगळ्यांसारखंच आम्हाला पण जड गेलं. नंतर लोखंडाचे भाव चढले, तेव्हा विथ मटेरियल, म्हणजे सामानासकट काम घेतलेले सगळे ठेकेदार अडकले, आणि सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला तेव्हा उलटं, मालक म्हणायला लागले आमचे पैसे कमी करा. त्यातल्या काहींचा ठेका नुसत्या लेबरचा होता, सिमेंट ते स्वतःच आणत होते, तरी म्हणत होते! आता आम्ही विथ मटेरियलच्या कागदावर एक ओळ घालतो, भाव इतका वर किंवा खाली गेला तर परत बसायचं.

सध्या धुळे आणि चाळीसगावकडून पण फोन येतात, शालक तिकडचं बघतो, आणि नवीन प्रकार सुरू झालाय सोलरचा. छतावर पॅनल बसवून देणारा म्हणतो काम झालं, पैसे द्या. मालक म्हणतो सबसिडी आली की देतो. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅट किंवा वर असेल तर 78,000 रुपये मिळतात पण ते मालकाच्या खात्यात येतात, बसवणाऱ्याच्या नाही, आणि मीटर बसून सगळी तपासणी झाल्यावर येतात. तोपर्यंत बसवणाऱ्याने पॅनल उधारीवर उचललेले असतात, त्याच्या मागे डीलर. मग आम्ही कागदावर 'सबसिडी आल्यावर' हे शब्दच ठेवू देत नाही, तिथे तारीख टाका म्हणतो, आणि मीटर लागल्याच्या दिवसाशी बांधा. काही मालक सही न करता उठून जातात, पॅनलवाले मात्र या ओळीवर खूश होतात, आणि मग वीज बिल शून्य का नाही आलं म्हणून तेच मालक महिन्याभराने परत फोन करतात.