बर्डीतला बर्गर, आज घरी

नागपुरातल्या सीताबर्डीच्या गल्लीतलं ते छोटं रेस्टॉरंट कधीचंच बंद झालं. १९९६च्या सुमारास बाबा पगाराच्या दिवशी चेतक स्कूटरवर बसवून न्यायचे. एक बर्गर, ताई आणि मी अर्धा-अर्धा.

आज तोच करून पाहिला. मागच्या वेळी टिक्की तव्यावर फुटली होती, म्हणून आलू रात्रीच उकडून फ्रिजमध्ये ठेवले. नीट गार झाले की चिकटपणा कमी होतो, टिक्की घट्ट राहते. वरून ब्रेडचा चुरा, बन बटरवर खरपूस, पत्ताकोबी मेयोनीजमध्ये कालवलेली. तरी काहीतरी कमी होतं. ताईला व्हिडिओ कॉल लावला.

"अरे, कांद्याच्या चकतीवर चाट मसाला भुरभुरायचे ना ते!"

टाकला. बाबांनी एक घास घेतला, म्हणाले, "हाच तो." आणि उरलेला अर्धा कापून माझ्यापुढे सरकवला.