मंगळसूत्राचा मुद्देमाल झाला तेव्हा

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या फाट्यावर आई बसची वाट बघत उभी होती. मोटरसायकलवरून दोघं आले, पत्ता विचारल्यासारखं केलं आणि मंगळसूत्र ओढून घेऊन गेले. मानेवर वळ उठला, काळे मणी डांबरावर सांडले. आलेल्या बसमध्ये बसून ती तशीच माझ्याकडे बेळगावला आली, आणि आम्ही जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो.

"हद्द आमची न्हवं, तिकडंच जावा," हे पहिलं वाक्य. माझा मामेभाऊ वकील आहे, त्याला फोन लावला. त्यानं सांगितलं, झिरो एफआयआर माग. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार घ्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, तसं स्पष्ट लिहिलंय. कलमाचा आकडा उच्चारल्यावर खुर्ची मिळाली.

तक्रार लिहून घेणारे पोलीस, म्हणजे ठाण्यातले रायटर, मराठी छान बोलत होते, लिहीत मात्र कन्नडमध्ये होते. आईला कन्नड बोललेलं थोडंफार कळतं, वाचता येत नाही. तक्रार वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, असं मी म्हटलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण कायद्यानं वाचून दाखवावीच लागते. वाचताना कळलं की अडीच तोळ्यांचं दीड झालंय आणि गाडीचा रंगही बदललाय. जागेवरच दुरुस्त केलं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तीही मागून घेतली.

कागद खानापूरकडे गेले. तिथल्या पोलिसांनी फाट्यावर महजर, म्हणजे पंचनामा, केला, उरलेले मणी गोळा करून पाकिटात सील केले, गणेबैलच्या टोलनाक्याचं फुटेजही स्वतःहून काढलं. एवढ्यापुरती माझी काही तक्रार नाही. पण जबाबासाठी आईला पुन्हा पुन्हा बोलावणं येत होतं. बाईला किंवा साठीपुढच्या माणसाला जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, घरी येऊन जबाब घ्यायचा असतो. हे सांगितल्यावर एक कॉन्स्टेबल घरी आले, चहा घेतला, जबाब घेतला. जाताना मोबाईलवर एक फोटो पुढे केला, "अज्जी, हाच न्हवं?" आई म्हणाली, "हेल्मेट होतं बाबा, तोंड कुठं बघितलं मी?" मला तिचं तेव्हा फार कौतुक वाटलं. आधी असा फोटो दाखवला की पुढच्या ओळखपरेडमधला जीवच जातो, आणि फायदा आरोपीला होतो.

नंतर बराच काळ सगळं शांत. ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आम्हाला आपणहून कुणी कळवलं नाही. मी लेखी अर्ज दिला, त्यावर पोच घेतली, मग फोन आला.

चोर कोल्हापूर जिल्ह्यात दुसऱ्याच गुन्ह्यात सापडले होते. एका सराफाकडून सोनं जप्त झालं होतं, पण वितळवून. आईसमोर ठेवली ती एक पिवळी लगड. ओळखायचं काय त्यात? ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे माझं म्हणू तरी कसं?" कामी आली जुनी पावती, वजनासकट जपून ठेवलेली. पावत्या ठेवा, आणि दागिने घातलेले लग्नकार्यातले फोटोसुद्धा.

ती लगड मुद्देमाल म्हणून खटला संपेपर्यंत अडकून पडेल अशी भीती होती. पण सोनं असं वर्षानुवर्षं ठेवू नये, फोटो आणि बाँड घेऊन परत द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलंय, आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये त्याला मुदतीही घालून दिल्यात. मामेभावानं अर्ज केला, मी बाँड लिहून दिला. खटला संपेपर्यंत विकायचं नाही, मोडायचं नाही, बोलावलं की हजर करायचं. म्हणजे लगडीचं मंगळसूत्रही आत्ता घडवता येत नाही. ती बँकेच्या लॉकरमध्ये आहे आणि आई एक ग्रॅमचं घालून फिरते.

आरोपपत्र दाखल झालंय. साक्षीचं समन्स अजून यायचंय. आई साक्ष मराठीतच देणार आहे, आणि दुभाष्याची सोय करावी असा अर्ज मामेभावानं आत्तापासूनच लिहून ठेवलाय.