खोटा नव्हता, पण गोमेदही नव्हता

सांगलीत सराफ कट्ट्याजवळ रत्नं तपासायचं काम करते. बरेचसे दिवस अमेरिकन डायमंड नि काच बघण्यातच जातात, पण मागच्या आठवड्यातली केस डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय.

तासगावकडचे एक बागायतदार काका राहूसाठी घेतलेला गोमेद घेऊन आले. एका दुकानात त्यांना ‘काच आहे’ म्हणून सांगितलेलं, तेही नुसतं हातात धरून. भिंग न लावता निकाल देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, समोरच्याची झोप उडते ओ.

खडा अंगठीतून सोडवला, कारण अंगठीत असताना घनता काढता येत नाही. रंग मधासारखा, पण गोमेदात पाकात साखर विरघळताना दिसतात तशा लाटा असतात त्या कुठंच नाहीत, आत स्वच्छ. मग दहा पॉवरच्या लूपखाली, म्हणजे सराफी भिंगाखाली, तिरका धरला आणि खालच्या पैलूंच्या कडा चक्क दोन-दोन दिसल्या! गोमेद म्हणजे गार्नेट, त्यात असं दिसत नाही, काचेत नाही, अमेरिकन डायमंडमध्येही नाही. वरून सरळ बघणारा इथंच फसतो, कारण कटर बऱ्याचदा खडा अशा दिशेनं कापतात की टेबलातून, म्हणजे वरच्या सपाट पैलूतून, कडा एकेरीच दिसतात. रिफ्रॅक्टोमीटरवर (खड्यात प्रकाश किती वाकतो ते मोजणारं यंत्र) गोमेद १.७४ च्या आसपास रीडिंग देतो, यानं दिलंच नाही, म्हणजे मीटरच्या १.८१ च्या हद्दीपलीकडचा. वजन हवेत ३.१२ कॅरेट, पाण्यात २.४५, घनता आली ४.६६, गोमेदाची असते ३.६५ च्या आसपास. स्पेक्ट्रोस्कोपमध्ये (खड्यातून आलेल्या प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र) लाल भागात ६५३.५ नॅनोमीटरला युरेनियमची काळी रेघ. म्हणजे हा झिरकॉन, गोमेदाहून वेगळं पण अस्सल नैसर्गिक रत्न.

“म्हणजे खोटाच की ताई.”

खोटा नाही काका, खाणीतला आहे, ऑस्ट्रेलियात जॅक हिल्सला याच खनिजाचे ४४० कोटी वर्षांपूर्वीचे कण सापडलेत, वय काढतात ते यातल्या युरेनियमवरूनच, असं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग राहूला चालतोय का?” त्याला माझ्याकडं मशीन नाही, गुरुजींना विचारा म्हटलं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन. खडा जिथनं घेतला तो दुकानदार रिपोर्ट बघून म्हणाला, झिरकॉन म्हणजे अमेरिकन डायमंडच, लॅबमध्ये बनतो. अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिरकोनिया, घनता सहाच्या जवळ, ही दोन वेगळी द्रव्यं आहेत हे रत्नं विकणाऱ्याला माहीत नसावं? त्या दिवसापासून झिरकॉनच्या प्रत्येक रिपोर्टवर ‘क्युबिक झिरकोनिया नव्हे’ ही ओळ टाकते.

काकांनी खडा त्यालाच परत दिलाय. आता तो पुन्हा कुणाला काय म्हणून विकला जाईल, देव जाणे.