अंदमानात प्रवाळाची मोजणी शिकताना: जाणाऱ्यांसाठी वृत्तांत

मालवणात पर्यटकांना पाण्यात उतरवून प्रवाळ दाखवणं हे माझं काम. होड्यांचे नांगर प्रवाळावर पडतात, माणसं त्यावर उभी राहतात, कडक उन्हाळ्यात ते पांढरं पडतं, हे सगळं डोळ्यांदेखत घडतं. पण नोंद नसेल तर कुठल्याही बैठकीत आपलं म्हणणं टिकत नाही. ही नोंद ठेवायला शिकण्यासाठी मी अंदमानला जाऊन आलो. तिथली बेटांवरचीच मुलं हे काम शिकतात, म्हणून मुद्दाम तिकडेच गेलो.

मुंबईहून चेन्नईमार्गे विमानाने श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर. चेन्नईहून जहाजही आहे, पण त्याला तीनेक दिवस लागतात आणि तारखा हलतात. प्रशिक्षणाचा पहिला दिवस ठरलेला असेल तर जहाजाच्या भरवशावर राहू नका.

शहरातून वंडूर या किनाऱ्यावरच्या गावाला जाताना सिप्पीघाट लागतो. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात इथली जमीन खचली आणि शेतांत खारं पाणी शिरून राहिलं. उत्तर अंदमानात उलट झालं. तिथे जमीन वर उचलली गेली आणि उथळ पाण्यातलं प्रवाळ उघडं पडून मेलं. समुद्राचं काम शिकायला येणाऱ्याने ही जागा थांबून बघावी. पुढे वर्गात ‘आधारभूत नोंद’, म्हणजे बदल होण्याआधी काय होतं याची नोंद, का लागते हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

वंडूरलाच महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाची जेट्टी आहे. हे उद्यान १९८३ चं, सुमारे २८१ चौरस किलोमीटरचं. जवळच ‘अ‍ॅनेट’ या नावाने ओळखलं जाणारं संशोधन केंद्र आहे, १९९० पासूनचं. या केंद्राच्या कामात करेन समाजाच्या माणसांचा मोठा हात आहे. इंग्रजांनी १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून आणून मायाबंदरजवळ वेबी इथे वसवलेले हे लोक. होडी, जंगल, पाणी या तिन्हींत तरबेज.

माझं प्रशिक्षण एका छोट्या गटात, चिडियाटापूच्या बाजूला झालं. आधी स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याचा, पहिला परवाना, अठरा मीटर खोलीपर्यंतचा. खर्च तीस हजारांच्या आसपास धरा. दमा, कानाचं दुखणं, हृदयविकार असेल तर घरूनच डॉक्टरांचं पत्र न्या. तिथे गेल्यावर धावपळ होते.

खरं शिक्षण त्यानंतर सुरू होतं. तळाशी शंभर मीटरची टेप अंथरायची. तिच्यावर वीस-वीस मीटरचे चार तुकडे, मध्ये पाच-पाच मीटर मोकळे. प्रत्येक अर्ध्या मीटरला टेपखाली काय आहे ते प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचं: जिवंत प्रवाळ, मेलेलं, खडक, वाळू, शेवाळ. ऐकायला सोपं आहे. पण प्रवाहात अंग स्थिर ठेवून, पायातलं पोहण्याचं पातं (फिन) कशालाही न लावता लिहायचं म्हणजे कस लागतो. पाण्यात तरंगत स्थिर राहणं जमत नाही तोवर शिकवणाऱ्यांनी कुणालाच टेपजवळ जाऊ दिलं नाही. मला हा नियम फार योग्य वाटला.

रंगाचं कार्ड हे दुसरं साधन. चौकोनी कार्डाच्या चारही बाजूंना फिकटापासून गडदपर्यंत सहा-सहा छटा. कार्ड प्रवाळाशेजारी धरायचं, त्याचा सगळ्यात फिकट आणि सगळ्यात गडद भाग कोणत्या छटेशी जुळतो ते लिहायचं. फांदीदार प्रवाळाची टोकं सोडायची, कारण वाढतं टोक मुळातच पांढरट असतं. पाणी तापलं की प्रवाळाच्या अंगातलं सूक्ष्म शैवाल निघून जातं, रंग उतरतो आणि अन्नही तुटतं. तेच दर महिन्याला त्याच जागी मोजलं तर रंग कसा उतरत गेला ते दिसतं. या कामाला स्कूबा लागत नाही, मास्क लावूनही होतं. मालवणच्या प्रत्येक गाइडने हे आधी शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

गटात वेबीचा एक करेन मुलगा होता. कोणत्या दिवशी उतरायचं हे शेवटी त्यालाच विचारलं जायचं. उधाणाच्या दिवसांत पाणी ओढतं आणि गढूळ होतं, भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत नितळ राहतं, हे आपल्याकडचे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मासेमारही जाणतात. पण तो मुलगा डुंगीत, म्हणजे तिथल्या छोट्या होडीत, उभं राहून पाण्याकडे बघायचा आणि ‘अजून थोडं थांबू’ म्हणायचा, आणि दर वेळी ते बरोबर निघायचं. त्याला अडत होतं ते पैशांवर. शिकण्याच्या दिवसांची मजुरी बुडते. जिथे स्थानिक मुलांना भत्ता मिळतो तिथेच ती टिकतात, नाहीतर वर्ग आमच्यासारख्या बाहेरच्यांनी भरतो. जागा निवडताना ‘स्थानिकांना भत्ता देता का?’ हे आधी विचारा. उत्तरावरून संस्था कळते.

नोकऱ्या आहेत, पण बहुतेक हंगामी: डाइव्ह गाइड, संशोधकांचा क्षेत्र-सहायक, कासवांच्या किनाऱ्यावरची गस्त. लिटल अंदमानवर २००८ पासून चर्मपाठी (लेदरबॅक) समुद्री कासवांची नोंद होते. तिथून उपग्रह टॅग लावून सोडलेली काही कासवं पश्चिम ऑस्ट्रेलियाकडे गेली, काही आफ्रिकेच्या बाजूला. अशा कामातली रात्रीची पायपीट बेटावरचीच माणसं करतात. बाहेरून गेलेल्याने शिकावं आणि आपल्या किनाऱ्यावर परतावं. तिथल्या थोड्या जागांवर डोळा ठेवू नये.

काही बारकावे. पाणी साधारण जानेवारी ते एप्रिल चांगलं असतं. सूर्य पाचच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी लवकर अंधारतं, म्हणून दिवस पहाटेच सुरू होतो. उद्यानात मोजणी करायला वन विभागाची परवानगी लागते. सराव कुठे होणार हे आधी विचारून घ्या. वंडूरच्या किनाऱ्यावर मगरीच्या धोक्याचे फलक आहेत. आखून दिलेल्या जागेबाहेर पाण्यात उतरू नका, कितीही शांत दिसलं तरी. जॉली बॉय बेटाची फेरी सोमवारी बंद असते, आणि तिथे एकदा वापरून फेकायचं प्लॅस्टिक नेता येत नाही. पाण्यासाठी स्टीलची बाटली न्या. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही पिशवीत घालू नका, वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि विमानतळावर तपासणी होते. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसेपर्यंत किमान अठरा तास जाऊ द्या. मी परतीच्या आधीचा अख्खा दिवस मोकळा ठेवला आणि पाट्यांवरच्या नोंदी वहीत उतरवून घेतल्या. तेवढा वेळ त्याला लागतोच.