तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एमी’ डॉक्युमेंटरीवर आमचा राग का?

ऑस्कर मिळालेली डॉक्युमेंटरी, बघणारे ढसाढसा रडतात, तरी ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसचे चाहते या फिल्मवर कुरकुरत का असतात, हे मला सारखं विचारतात. व्यसनांनी घेरलेली एमी २०११मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी गेली; ती कहाणी तुम्हाला ठाऊक आहे, परत सांगत नाही. आणि फिल्ममध्ये ज्यांच्यावर ठपका येतो त्या तिच्या वडिलांचे आम्ही वकील आहोत असंही समजू नका; तो आरोप ऐकून ऐकून कान किटलेत.

आधी फिल्म कशी बांधलीय ते बघा. दिग्दर्शक असिफ कपाडियांनी शंभरेक मुलाखती घेतल्या, पण फक्त आवाज वापरला. पडद्यावर जुनं चित्रण आणि खाली बोलणाऱ्यांचे आवाज. त्यामुळे सगळा वेळ समोर एमीच राहते. हे मला मनापासून आवडतं, पण खरी गोम इथेच आहे. बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असेल तर वाक्यातून दोन शब्द कापले की चित्र उडी मारतं. ती झाकायला मध्ये हात, खिडकी, एखादा फोटो टाकावा लागतो आणि सावध प्रेक्षकाला शंका येते. नुसता आवाज असला तर श्वासाच्या जागी कापायचं आणि त्याच खोलीतली शांतता खाली अंथरायची. सांधा कळतसुद्धा नाही.

आता २००५ सालचा प्रसंग. एमीला रिहॅबमध्ये, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रात, पाठवायचं मित्रांच्या मनात आहे आणि वडील म्हणतात, तिला गरज नाही. या वडिलांनी, मिच वाइनहाउस यांनी, नंतर जाहीरपणे सांगितलं की ‘त्या वेळी तिला गरज नव्हती’ असं आपण म्हणालो होतो आणि फिल्मवाल्यांनी त्यातलं ‘त्या वेळी’ काढून टाकलं. शब्द दोनच. पण ते असतील तर एका बापाचा एका वेळचा चुकलेला अंदाज दिसतो. नसतील तर बापाने मुलीला कायमचं वाऱ्यावर सोडलं असं वाटतं. त्यात तिचा पहिला मॅनेजर निक शिमान्स्की म्हणतो की तिला सावरायची संधी होती ती तेव्हाच, ‘बॅक टु ब्लॅक’ अल्बम गाजण्याआधी. एवढं ऐकल्यावर प्रेक्षकाने गुन्हेगार ठरवलेला असतो आणि पुढची सगळी फिल्म तो त्याच नजरेने बघतो. कुटुंबाने २०१५मध्ये, फिल्म लागण्याआधीच, दिशाभूल करणारी म्हणून फिल्मशी संबंध तोडले.

पूर्वी मी म्हणायचे, दोन शब्दांनी काय बिघडतं? ‘रिहॅब’ या गाण्यात तिनेच तर लिहून ठेवलंय की बाबांच्या मते मी ठीक आहे. सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावर मुलगी विसावायला गेली असताना बाबा कॅमेरावाल्यांना घेऊन पोचले, हेही कुणी रचलेलं नाही. हे सगळं आजही मान्य आहे. तरीही, पुरावा एवढा भक्कम होता तर कात्री कशाला लागली? मूळ ध्वनिमुद्रण आपल्यासमोर नाही, त्यामुळे हा वाद माझ्यापुरता मिटत नाही.

संगीताबद्दल थोडक्यात. ‘बॅक टु ब्लॅक’मधल्या अकरा गाण्यांपैकी सहा मार्क रॉन्सनची निर्मिती, पाच सलाम रेमीची. रॉन्सनच्या गाण्यांमागे ब्रुकलिनच्या डॅप-किंग्ज या बँडचे ड्रम आणि ब्रास आहेत. तो साउंड कसा जमला, यात फिल्म फारशी शिरत नाही. पण शीर्षकगीताच्या रेकॉर्डिंगचा तुकडा अप्रतिम आहे. साथ काढून टाकलेली, कानात नुसता तिचा आवाज. ओळ ती तालाच्या किंचित मागे ठेवते आणि शेवटच्या अक्षरापाशी बरोबर गाठते. गाऊन झाल्यावर स्वतःच म्हणते की शेवट जरा उदास झाला, नाही? आम्हाला अशी आणखी मिनिटं हवी होती.

त्याऐवजी १८ जून २०११ची सर्बियातल्या बेलग्रेडची मैफल मिळते. स्टेजवर धड उभं राहता न येणारी एमी, गर्दीतून काढलेलं चित्रण. पापाराझींनी तिचा जीव नकोसा केला असं फिल्म सांगते आणि त्यांचेच फ्लॅश मोठ्या पडद्यावर आपल्या डोळ्यांवर मारते. त्याशिवाय तिची घुसमट कळली असती का? बहुधा नाही. पण त्याच वर्षी मार्चमध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत ती ज्येष्ठ अमेरिकन गायक टोनी बेनेटबरोबर गायली, तेही याच फिल्ममध्ये आहे. ती घाबरलेली, स्वतःवर चिडलेली, पुन्हा पुन्हा थांबणारी आणि बेनेट शांतपणे तिला धीर देतायत. फिल्म बघून आलेले लोक माझ्याशी बोलतात ते मात्र बेलग्रेडबद्दल.