बेवारस जाळं

एका गाईची अडकलेली वार काढून हात धूत होतो, तेवढ्यात वनरक्षकाचा फोन आला. जेटीवर कासव आणलंय, जाळ्यात गुरफटलेलं.

वेंगुर्ल्याच्या बाजूला पशुवैद्यकाला असे फोन येतातच. मी पोहोचेपर्यंत काय झालेलं असणार तेही ठरलेलं. कुणी बादल्यांनी पाणी ओततंय, कुणी सेल्फी काढतंय आणि चारजण ‘पाण्यात सोडा, पाण्यात सोडा’ करतायत. अहो, कासव फुप्फुसाने श्वास घेतं. दमलेलं जनावर पाण्यात ढकललं तर बुडून मरतं. शाळेत सांगितलं की पोरांना लगेच पटतं; जेटीवरच्या मोठ्यांना पटवताना घसा बसतो.

ऑलिव्ह रिडलेची मादी होती, चाळीसेक किलोची. शेपूट आखूड, नराची चांगली लांब असते. पुढच्या उजव्या पायाला तंगुसाचे, म्हणजे जाळ्याच्या नायलॉन धाग्याचे, वेढे पडलेले, त्यात शिशाचे गोळे आणि एक फुटका बोया. दोर कातडी कापून थेट हाडाला टेकला होता आणि त्याखालचा पाय काळा पडून वास मारत होता. असलं जाळं ओढून काढायचं नसतं. एकेक वेढा चिमट्याने उचलायचा, खाली बोथट टोकाची कात्री सरकवायची आणि कापायचं, कारण आत कुठली रक्तवाहिनी दबून बसलीय ते दिसत नाही.

पाय वाचणार नव्हता. वनखात्याची परवानगी आली, वन्यजीवांचे एक डॉक्टर फोनवर थांबले आणि खांद्याच्या सांध्यातून पाय काढला. भुलीत कासव स्वतःहून श्वास घेईलच असं नाही, म्हणून ग्रामीण रुग्णालयातून तान्ह्या बाळांची अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, मागून आणली होती. ती दाबत राहायची, आणि शुद्धीवर यायला तासन्‌तास लागले तरी घाबरायचं नाही. हृदय तर मेल्यावरही बराच वेळ धडधडतं, त्यामुळे नुसत्या ठोक्यांवर विसंबता येत नाही. सगळं कसं संथ. सेफ्टाझिडीम या अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा ७२ तासांनी एकदा. आमच्या ड्रेसरला ते शेवटपर्यंत पटलं नाही, रोज विचारायचा, “आज नाय?”

तीन पायांवर ती जगेल का, हे सगळेच विचारतात. जगतात. वाळूत खड्डा खणायला मागचे पाय लागतात आणि ते हिचे शाबूत आहेत. सध्या टाकीत ती तळाशी जाते, पण अजून एका बाजूला कलते. एका पुढाऱ्यांना तिला सोडण्याच्या कार्यक्रमाची तारीख हवी आहे. ती सरळ बुडी मारेल तीच तारीख, असं मी कळवलंय.

मला सतावतंय ते वेगळंच. तिला आणणारा मच्छीमार गिलनेटवाला, म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं जाळं लावणारा. अर्धा दिवस आणि डिझेल घालवून तो तिला जाळ्यासकट घेऊन आला. राज्यात २०१८ पासून योजना आहे: संरक्षित प्राणी सोडवताना स्वतःचं जाळं कापावं लागलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. चांगली योजना आहे, तिचे अर्ज मी स्वतः लोकांना भरून दिलेत. ह्याच्याही अर्जाला बसलो. ‘कापलेल्या जाळ्याचा मालक’ इथपर्यंत आलो, तर हा म्हणाला, “डॉक्टर, ह्यां जाळां आमचां न्हय. आस बघा, आमचो एवढो मोठो नसता.”

आस म्हणजे जाळ्याचं भोक. जाळं खरंच त्याचं नव्हतं. कुठल्या तरी बोटीतून तुटलेलं किंवा मुद्दाम टाकलेलं जाळं, किती महिने तरंगत होतं कोण जाणे. नायलॉन कुजत नाही, मालक नसला तरी मासे धरतच राहतं. खोटं नाव घालूया, असं त्याने सुचवलंसुद्धा नाही. उलट मलाच विचारलं, फाटकं जाळं द्यायचं कुठे? जेटीवर तशी जागा नाही. मग खलाशी ते समुद्रातच सोडतात, आणि आपण गावोगाव पोस्टर लावतो.

एक तुकडा वनखात्याने पंचनाम्याला नेला. बाकीचा ढीग दवाखान्यात लसींच्या फ्रिजशेजारी पडलाय. कचरागाडीने नाकारला. भंगारवाला म्हणाला, शिसं सोडवून द्या, ते घेतो. जाळं तुमच्याकडेच ठेवा.