आमची वाटचाल: सांभाळणाऱ्यांनाही कोणीतरी सांभाळायला हवं

आमचा व्यवसाय सुरू झाला तो वस्तू भाड्याने देण्यापासून. २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट ओसरत असताना बेळगावात शहापूरला एक गाळा घेतला आणि फाउलर कॉट (डोक्याकडची आणि पायांकडची बाजू वर-खाली करता येणारी रुग्णाची खाट), वॉकर, व्हीलचेअर, एअर बेड ठेवायला लागलो. त्याआधी बरीच वर्षं मी रुग्णालयात परिचारिका होते. त्यामुळे कॉट घरी पोहोचवली की पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, उशी कुठं द्यायची हेही दाखवून यायचे. हळूहळू लोक कॉट सोडून वेगळंच विचारू लागले. "सिस्टर, दिवसभरासाठी बाई मिळंल काय ओ?"

विचारणारे बहुतेक पुण्याहून, गोव्याहून, बेंगळुरूहून फोन करणारे मुलगे. मग येळ्ळूर, कंग्राळी, उचगावच्या गरजू बायकांना शिकवायला घेतलं. नळीतून भरवताना पेशंटला बसतं करायचं, लघवीची पिशवी कमरेच्या वर जाऊ द्यायची नाही, दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठीला जखम झाली की ती भरायला महिनोन्‌महिने जातात, म्हणून कुशीच्या बाबतीत मी कुणाचं काही ऐकून घेत नाही.

पण या कामात शिरल्यावर जास्त काळजी वाटू लागली ती घरातल्या बाईची. वडगावात एका घरी खाली माग चालायचे आणि वरच्या खोलीत अर्धांगाने पडलेले सासरे. सून त्यांना काखेत हात घालून उचलायची आणि तिची स्वतःची कंबर गेलेली. मी एक चादर दुमडून खांद्यापासून मांड्यांपर्यंत मामांच्या खाली सरकवली, पलीकडचा गुडघा वर मोडला आणि चादरीची पलीकडची कड दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढायला तिला सांगितलं. मामा अलगद कुशीवर आले. ती कॉटच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "सिस्टर, तुम्ही थोडा वेळ बसताय तर मी माहेरला जाऊन येऊ काय?" माहेर होतं अनगोळला. दिवाळीपासून ती तिकडे गेली नव्हती.

तिथून आम्ही दोन-तीन तासांची सेवा सुरू केली. घरच्या बाईने त्या वेळात झोपावं, बाजारात जावं, देवळात जावं, आम्ही विचारत नाही. विस्मरणाचा आजार असलेल्या घरांना तर ही फार लागते, कारण संध्याकाळ झाली की आजोबा "घरला जायचंय" म्हणून चपला शोधायला लागतात आणि सांभाळणाऱ्याला क्षणभरही हलता येत नाही.

धंदा म्हणून हे तास परवडणं अवघड होतं. दोन तासांच्या कामासाठी येण्याजाण्यातच बाईचा निम्मा पैसा संपायचा. जून २०२३ मध्ये शक्ती योजना आली, सरकारी बसमधून बायकांना मोफत प्रवास मिळू लागला, आणि आमचं गणित जमलं. ही सवलत कर्नाटकच्या रहिवासी महिलांनाच आहे. महाराष्ट्रातल्या शिनोळीकडून येणाऱ्या आमच्या बायकांचं तिकीट आम्ही भरतो. हद्द ओलांडून येते म्हणून तिच्या हातात कमी पैसे पडावेत, हे मला पटत नाही.

कागदपत्रांचं काम आम्ही ठरवून घेतलं नाही, ते गळ्यात पडलं आणि आता मला ते मनापासून आवडतं. १९५६ च्या आधी, बेळगाव मुंबई राज्यात असताना जन्मलेली, मराठी शाळेत शिकलेली आमची म्हातारी माणसं. नाडकचेरीतला (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) कन्नड अर्ज त्यांना वाचता येत नाही. ६५ वर्षांवरच्या गरीब वृद्धांसाठी संध्या सुरक्षा योजना आहे, पण अर्जच भरला नाही तर पेन्शन कुठली मिळणार? आमच्याकडची एक मुलगी अर्ज भरून देते, सही करण्याआधी प्रत्येक ओळ मराठीत समजावते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथं असल्याने निवृत्त जवान आणि त्यांच्या विधवा पुष्कळ. त्यांच्या हयातीच्या दाखल्यासाठी आम्ही घरी जातो. शेतात राबून बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते घेत नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढण्याची सोय आल्यापासून अंथरुणावरच काम होतं. याचे आम्ही पैसे घेत नाही. घरात छळ होत असेल तर १४५६७ हा ज्येष्ठांचा मोफत हेल्पलाइन क्रमांक आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून देतो.

सध्या खानापूर तालुक्यातून विचारणा वाढली आहे. जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात बेळगावहून रोज बाई पाठवणं शक्य नाही, तिथल्याच बायका तयार कराव्या लागतील. पावसाळा संपला की जांबोटीत शिकवणी सुरू करतोय. शिक्षणाची अट नाही, फी नाही. म्हाताऱ्या माणसाशी गोड बोलता येणारी आणि रात्रपाळीला घरची हरकत नसलेली कोणी ओळखीत असेल, तर तिला शहापूरच्या गाळ्यावर पाठवा.